दोरा बांधलेलं फूल

सुनेत्राबाईंच्या हाताला गुण होता, हे ईडन प्रेरीतल्या अख्ख्या मराठी मंडळाला माहीत होतं. मिनेसोटातली मरणाची थंडी, एप्रिल उजाडला तरी रस्त्याकडेला काळपट बर्फाचे ढीग, आणि तिथं या बाईंनी कुंडीतली जास्वंद वर्षानुवर्षं जगवली होती. उन्हाळ्यात डेकवर, थंडीत दिवाणखान्याच्या खिडकीत. कुणी मागितलीच तर फांदी कापून द्यायच्या आणि सांगायच्या, "खोच मातीत आणि विसरून जा." अमेरिकाभर, बॉथेलपासून अल्फारेटापर्यंत, कुणाकुणाच्या खिडक्यांत त्या जास्वंदीच्या लेकी नांदत होत्या. आणि गणपतीला त्या घरात एक तरी लाल जास्वंद असायचीच. मंडळातल्या बाकीच्या गणपतींना दुकानातले कार्नेशन्स मिळायचे, त्यावर बाई काही बोलायच्या नाहीत, फक्त बघायच्या.

मूळ झाड मात्र गेलं. बाईंचे यजमान, शैलेंद्र, हॉस्पिटलात होते त्या हिवाळ्यात कुंडी आत आणायची राहिली. नवऱ्याचं सगळं उरकून बाईंनी डेकचं दार उघडलं, तर कुंडीत काळ्या काड्या. त्या काड्यांपाशी त्या जितक्या रडल्या तितक्या नवऱ्यापाशी रडल्या नव्हत्या. लोकांना ते विचित्र वाटलं. लोकांचं काय, रडलं तरी वाटतं, नाही रडलं तरी वाटतं.

त्या दोघांनी एक गोष्ट मात्र वाईट केली होती, आणि ती जाणूनबुजून केली होती. शैलेंद्रांचा आजार त्यांनी इलाला कळू दिला नव्हता. इला त्यांची एकुलती एक मुलगी, ईडन प्रेरीतच जन्मलेली, वनस्पतिशास्त्र शिकून हवाईतल्या कवाई बेटावर नोकरी करणारी. तिला उगाच टेन्शन कशाला, ती तिथं एवढ्या लांब, रिपोर्ट चांगले आले की सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या घरात सगळ्याच बाबतींत चालायचं. नोकरी पक्की होईपर्यंत बोलायचं नाही, घर हातात येईपर्यंत बोलायचं नाही, तीन महिने सरेपर्यंत पोटात बाळ आहे म्हणून सांगायचं नाही. दृष्ट लागते. रिपोर्ट काही चांगले आले नाहीत. इला पोचली तेव्हा शैलेंद्रांच्या तोंडात नळी होती आणि डोळे मिटलेले होते. ती आरडाओरडा करणारी मुलगी नव्हे. एवढंच म्हणाली, "तुम्ही दोघांनी मिळून माझे ते महिने घेतलेत." आणि मग बरेच दिवस तिचा फोन आला की हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, त्यापुढे गाडी जायची नाही.

म्हणून वर्ष उलटल्यावर एक दिवस इला फोनवर म्हणाली, "आई, घर विक आणि इकडे ये. माझ्याकडे राहा," तेव्हा सुनेत्राबाईंनी पुढचं-मागचं काही पाहिलं नाही. घर विकलं, फर्निचर वाटून टाकलं, पितळेचा गणपती हातातल्या पर्समध्ये घेतला आणि विमानात बसल्या. लेकीनं आपल्याला माफ केलंय की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायचं धाडसही नव्हतं.

कवाई हे जुनं बेट. त्याचा ज्वालामुखी कधीच विझला, त्याची आता लाल माती झालीय आणि ती माती पायाला, चादरीला, भिंतीला, सगळ्याला लागते. कोकणासारखा पाऊस आणि जिकडे तिकडे मोकाट कोंबड्या. दुर्मिळ झाडं वाढवणाऱ्या एका छोट्या ट्रस्टची नर्सरी कलाहेओ गावाबाहेर होती आणि नर्सरीच्या आवारातच इलाला राहायला दोन खोल्यांचं घर होतं. घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच दिसेल असा, बारीक जाळीचा एक पिंजरा होता. पिंजऱ्यात एकच झुडूप. माणसाच्या खांद्याइतकं उंच, पानं तकतकीत, बुंधा जरा वाकडा.

"हे काय गं, जास्वंद?" पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात किती दिवसांनी जीव आला होता.

"जास्वंदीची बहीण समज. इथे कोकिओ म्हणतात. आई, ही या बेटाची आहे. इथेच झाली, दुसरीकडे कुठेच नाही. आणि आता ही एकच आहे."

"एकच म्हणजे?"

"एकच म्हणजे एकच. वर दरीत अजून एक होतं, ते मार्चमध्ये लँडस्लाइडमध्ये गेलं. आता जगात हे एवढंच."

सुनेत्राबाई पिंजऱ्याला धरून उभ्या राहिल्या. मग जे कुणीही म्हटलं असतं ते त्या म्हणाल्या, "मग फांद्या खोच की. जास्वंद कुठे मरते होय?"

"खूप ट्राय केलं. कुजतात. या झाडालाच रूट रॉट आहे, मुळं सडतायत. फार दिवस नाही राहणार."

बाईंना ते पटलं नाही. जास्वंदीची फांदी लागत नाही असं कधी असतं का? पण लेकीचा चेहरा बघून फक्त म्हणाल्या, "पाणी मी घालत जाईन." इलानं पिंजऱ्याची कडी कशी लावायची ते दाखवलं. दार उघडं राहिलं तर कोंबड्या शिरतात, उंदीर शिरतात, उंदीर कळ्या कुरतडतात. पाणी किती घालायचं तेही सांगितलं. त्या दिवसापासून रोज सकाळी आंघोळ झाली की बाई झारी घेऊन पिंजऱ्यात जायच्या आणि झाडाशी चार शब्द बोलायच्या. इला खिडकीतून बघायची. एकदा ती म्हणाली, "तू बाबांशी असंच बोलायचीस." बस, एवढंच म्हणाली, पण त्यात राग नव्हता.

रस्त्याकडेला सगळीकडे जास्वंदीच्या कुंपणांची रेलचेल होती. लाल, गुलाबी, पिवळी, बशीएवढाली फुलं. बाई हरखून गेल्या. इला हसली. "आई, ती सगळी नर्सरीवाल्यांनी बाहेरून आणलेली. आपल्यासारखी. इथली देशी ही एकटीच." देशी हा शब्द तिनं वडिलांकडून उचललेला होता. शैलेंद्र बोरं देशी म्हणायचे, केळी देशी म्हणायचे, आणि देशी म्हटलं की ते उत्तम, असा त्यांचा हिशेब. बाईंनी तो शब्द मनात ठेवला.

ऑगस्टच्या शेवटाला झुडपाला कळ्या धरल्या. कितीतरी वर्षांनी, असं इला म्हणाली आणि त्यानंतर ती जेवताना, बोलताना, गाडीची किल्ली शोधतानाही खिडकीकडे बघत राहिली. एक कळी पिवळी पडून गळली. दुसरी गळली. तिसरी राहिली. गणपती तोंडावर आले होते.

"जास्वंद लागेल हं," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं कधी चुकली नाही. गेल्या वर्षी गणपतीच बसवला नाही, तेव्हा या वर्षी तरी."

"मी देते ना, आई. डोन्ट वरी." इलाच्या मनात रस्त्यावरचं कुंपण होतं. कुंपणाच्या मालकिणीला तिनं विचारूनही ठेवलं होतं.

"आणि ते सापळे काढ बाई दोन दिवस. गणपतीच्या दिवसांत उंदीर मारायचे नसतात."

"आई, हे उंदीर इन्व्हेसिव्ह आहेत, यार. बाहेरून येऊन इथलं सगळं खातात."

"असतील. देवाचं वाहन आहे."

इलाला हसू आलं. पिंजऱ्याची जाळी बारीक होतीच. तिनं झाडाभोवतीचे सापळे उचलून शेडमध्ये ठेवले. आईसाठी एवढं तर करावं, असं तिला वाटलं असणार.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी कळी उमलली. लहानसंच फूल, लाल, पाकळ्या किंचित मागे वळलेल्या. या झाडाचं फूल दीड दिवस टिकतं असं इलानं सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आपल्या गणपतीसारखं." दुपारी त्या टेबलावर पूजेचं सामान मांडत होत्या. इला आत आली, तिच्या हातात एक बारीक ब्रश आणि थंडगार काचेची कुपी होती.

"आई, तो लाल दोरा थोडा घेऊ? माझे टॅग सगळे भिजलेत."

"घे की. कशाला?"

इला दारात थांबली. बाबा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं. "सांगणार नाही. तूच म्हणतेस ना, होईपर्यंत बोलायचं नाही? नजर लागते."

तिथं काय चाललं होतं ते सांगूनच टाकावं, लपवण्यात काही अर्थ नाही. कुपीत दरीतल्या त्या गेलेल्या झाडाचे पराग होते, फ्रीझरमध्ये जपलेले, शेवटचे. ते इलानं ब्रशनं या फुलाला लावले. ते रुजले तर फुलाच्या बुडाशी बोंड धरणार होतं, बोंडात बी, आणि बियांतून निरोगी मुळांची नवी झाडं. ती जात जगणार की संपणार हे त्या एका फुलाच्या देठावर येऊन ठेपलं होतं. कोणतं फूल ते नीट लक्षात राहावं म्हणून इलानं देठाला आईचा लाल दोरा बांधला. दुसरं फूल नव्हतंच, पण सवयीनं बांधला.

सुनेत्राबाईंनी खिडकीतून पाहिलं ते एवढंच, की लेक वाकून ब्रशनं फूल साफ करतेय. मावा पडला असेल. जास्वंदीवर मावा पडतोच, बाई स्वतः जुन्या टूथब्रशनं साबणाचं पाणी लावून पुसायच्या. मग त्यांनी लेकीला फुलाला लाल दोरा बांधताना पाहिलं आणि त्यांचा हात हळदीकुंकवाच्या करंड्यावर तसाच राहिला. पोरीनं देवासाठी फूल राखून ठेवलं. सगळ्यांत चांगलं, देशी. आणि म्हणे, सांगणार नाही. बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि खिडकीतून मागे सरल्या, म्हणजे तिला कळायला नको.

त्यांना दोष तरी कसा द्यायचा? आपल्याकडे जास्वंदीला बी धरताना पाहिलंय कुणी? फांदी खोचायची, झाड होतं. फूल सकाळी उमलतं, संध्याकाळी गळतं, गळण्याआधी देवाच्या डोक्यावर जातं. फुलात उद्याचं काही असतं हे आपल्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. मराठी बाईनं लाल दोरा बांधलेली जास्वंद पाहिली तर ती दुसरं काय समजणार?

रात्रभर पाऊस पडला. सकाळी बाई उठल्या तेव्हा इला घरात नव्हती. वर दरीत ट्रस्टच्या झाडांभोवतीचं कुंपण रानडुकरांनी पाडलं होतं, ती उजाडायच्या आत तिकडे गेली होती. फोनवर तिचा आवाज आला, मागे माणसांचा गलका. "आई, तू पूजा सुरू कर, मी आरतीला येते." रस्त्याकडेच्या कुंपणावरची जास्वंद आणायची ती साफ विसरली. डोंगरावर चिखलात उभं राहून तिला ते आठवावं तरी कसं?

बाईंनी आंघोळ केली. दूर्वा तर तिथं पायलीला पन्नास, हिरवळ म्हणून दारोदार लावलेल्या, त्यांनी तीन-तीन पात्यांच्या जुड्या केल्या. मोदक केले. मग झारी घेऊन पिंजऱ्यात गेल्या, झाडाला पाणी घातलं, हात जोडले. फूल अजून ताजं होतं, रात्रीच्या पावसाचा मार जाळीनं त्याला लागू दिला नव्हता. देवाला फूल वाहायचं ते देठासकट, देठ देवाकडे करून. त्यांनी दोऱ्याच्या खाली नख लावलं आणि अलगद खुडलं. कडी नीट लावली. कडीच्या बाबतीत त्या कधी चुकल्या नाहीत.

इला आली तेव्हा निरांजन लावून झालं होतं. ती दारात एक बूट काढून उभी राहिली आणि दुसरा काढायचा राहिला. पितळेचा गणपती, पायाशी त्याचा चिमुकला उंदीर, आणि डोक्यावर ते फूल, लाल दोऱ्यासकट.

"किती गुणाची गं माझी बाय," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मला वाटलं विसरलीस. बाबा असते तर बघ. त्यांना म्हणाले असते मी, ही बघा तुमची लेक, देवाला देशी जास्वंद राखून ठेवली." आणि त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी तोंडभर हसल्या.

इलानं फुलाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, परत फुलाकडे पाहिलं. चिखलानं तिचा चेहरा आधीच मातीच्या रंगाचा झाला होता, त्यामुळे त्यावर काय उमटलं ते बाईंना दिसलं नाही. की दिसलं आणि कळलं नाही, देव जाणे.

"छान दिसतंय, आई," ती म्हणाली.

तिनं हातपाय धुतले. आरतीला उभी राहिली. शब्द तिला अर्धे यायचे, तेवढे म्हटले, टाळ्या वाजवल्या, मोदक खाल्ला. मग म्हणाली, "हे फूल मी ठेवू?" उत्तरपूजेआधी देवाच्या डोक्यावरचं फूल काढत नाहीत, पण लेक मागतेय म्हटल्यावर बाईंनी ते स्वतः उचलून तिच्या ओंजळीत दिलं. "प्रसादच तो. जपून ठेव." इला फूल घेऊन आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थकली असेल, बाईंना वाटलं.

त्यानंतर इला पिंजऱ्यात गेली नाही. पाणी बाईच घालत राहिल्या. पानं पिवळी पडायला लागली, मग गळायला लागली. "परत कळ्या कधी येतील गं?" त्यांनी विचारलं. "येतील," इला म्हणाली. ती आईशी गोड वागत होती. रविवारी समुद्रावर न्यायची, संध्याकाळी चहा करून द्यायची. एवढी गोड की बाईंना आत कुठेतरी खटकायला हवं होतं, कारण असं गोड वागणं त्यांच्या ओळखीचं होतं. शैलेंद्रांच्या शेवटच्या महिन्यांत त्या स्वतः इलाशी फोनवर असंच बोलायच्या. पण सुख लागलं की माणूस खोलात जात नाही.

ऑक्टोबर सरता सरता झुडूप वाळलं. एका सकाळी इला गावात गेली असताना लेलानी आली. लेलानी नर्सरीची प्रमुख, तिथलीच, तिच्या आजीच्या आजीची जमीन त्याच दरीत होती. ती पिंजरा काढायला आली होती. हातात पक्कड होती, पण बराच वेळ ती नुसतीच जाळीला हात लावून उभी होती. बाई चहा घेऊन बाहेर गेल्या. मोठ्या वयाच्या बायकांना सगळे आंटी म्हणतात तिथं, तशी लेलानी इंग्रजीत म्हणाली, "आंटी, तुम्हालाही वाईट वाटत असेल. रोज पाणी घालायचात."

"मुळं सडली होती म्हणे," बाई म्हणाल्या.

"झाड जाणारच होतं. आमची सगळी आशा त्या फुलावर होती. इलानं पराग लावले होते, शेवटचे. उंदरांनी जाळीखालून उकरून फूल नेलं नसतं तर आज बोंड तयार असतं. देठापासून खाल्लं, दोरासुद्धा ठेवला नाही."

चहाचा कप बाईंच्या हातात होता. तो त्यांनी पायरीवर ठेवला, सांडू न देता. "उंदरांनी?"

"इला तसं म्हणाली. दोन दिवस सापळे काढले होते तिनं, सणासाठी. ट्रस्टच्या लोकांनी विचारलं, कुणी काढले, तर म्हणाली, मी, माझ्या निर्णयानं." लेलानी जाळीकडे बघूनच बोलत होती. "मी खूप भांडले. पण तिचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरनंतर नाही. तिनं सांगितलं असेलच तुम्हाला."

सांगितलं नव्हतं. काहीच सांगितलं नव्हतं. सुनेत्राबाईंना एकेक गोष्ट उलट्या क्रमानं दिसायला लागली. लावलेलं दार, टाळ्या वाजवणारे चिखलाचे हात, एक बूट घालून दारात उभी असलेली लेक, ब्रश, कुपी, दोरा. पायाखालची लाल माती तेवढी जागेवर होती. आता गप्प बसलं तर काही बिघडत नव्हतं. फूल परत येणार नव्हतं, झाड उठणार नव्हतं, आणि लेकीनं तर सगळं निस्तरून ठेवलं होतं. झाकली मूठ. त्या घराण्यात जन्मभर मुठी झाकूनच तर ठेवल्या होत्या.

"उंदरानं नाही खाल्लं," त्या म्हणाल्या. "मी तोडलं. माझ्या देवाला वाहिलं."

लेलानीनं पक्कड खाली ठेवली. ती रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मला वाटलं, इलानं देवासाठीच दोरा बांधलाय. मी झाडाला नमस्कार केला होता."

"माझी आजीसुद्धा फुलं वाहायची," लेलानी म्हणाली. "पण ती आधी झाडाला विचारायची. नमस्कार वेगळा, आंटी. विचारलं की उत्तराची वाट बघावी लागते." मग तिनं पक्कड उचलली आणि जाळी कापायला घेतली, आणि बाई तिथंच पायरीवर बसून राहिल्या. जाळीच्या गुंडाळ्या गाडीत टाकून लेलानी गेली तेव्हा वाळकं झुडूप उघड्यावर उभं होतं आणि दोन कोंबड्या त्याच्या बुडाशी माती उकरत होत्या.

संध्याकाळी इला घरी आली. बाई स्वयंपाकघरात दिवा न लावताच बसल्या होत्या.

"लेलानी आली होती. मी तिला सांगितलं, फूल मी तोडलं म्हणून."

इला पर्स खांद्यावरून न काढता उभी राहिली. "का सांगितलंस?"

"मग काय उंदरांवर ढकलायचं?"

"उंदरांचं काय जातंय, आई? त्यांच्यावर रोजच ढकलतो आम्ही." ती खुर्चीवर बसली. "तुला कधीच कळायला नको होतं. तू त्या दिवशी हसलीस. बाबा गेल्यावर पहिल्यांदा. मी दारात उभी होते आणि मला वाटलं, झाड तर गेलं, आता हे तरी राहू दे."

"अगं पण मला सांगायचंस. मी काय परकी आहे? एवढं मोठं तू एकटीनं गिळलंस आणि माझ्यासमोर चहा करत राहिलीस. नोकरी गेली तेही नाही. मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला सांगितलं होतं?"

तिचा आवाज चढला नव्हता. बाहेर पुन्हा पाऊस लागला होता. बाई म्हणाल्या, "नव्हतं सांगितलं. चुकलो आम्ही. तुझे ते महिने आम्ही घेतले आणि हे फूलही मीच घेतलं." हे बोलताना त्या रडल्या नाहीत, कारण रडलं असतं तर लेकीला उठून जवळ यावं लागलं असतं, आणि तेवढंही त्यांना तिच्याकडून मागायचं नव्हतं.

इला उठली. मग आत गेली आणि वर्तमानपत्रांची एक चळत घेऊन आली, दोन लाकडी फळ्यांत पट्ट्यांनी आवळलेली. टेबलावरचा दिवा लावला, पट्टे सोडले, कागद उलगडले. मधल्या कागदावर ते फूल होतं. चपटं, वाळलेलं, लाल रंग जाऊन जांभळट काळा झालेला. देठाला दोरा तसाच होता, त्याचा रंग मात्र जराही उतरला नव्हता.

"हे होनोलुलूच्या म्युझियममध्ये द्यायला हवं," इला म्हणाली. "या झाडाचं हे शेवटचं. उंदरानं खाल्लं असं सांगून बसले होते, मग देणार कसं? आता देता येईल." तिनं डोळे पुसले आणि ड्रॉवरमधून छोटी कात्री काढली. "त्याआधी हा दोरा काढायला हवा. फुलाशिवाय दुसरं काही चालत नाही त्या लोकांना."

कात्रीचं टोक गाठीखाली गेलं, तशी सुनेत्राबाईंनी लेकीचा हात धरला.

"राहू दे दोरा," त्या म्हणाल्या. "उंदीर गाठ मारत नाहीत."